ब्राउझरची निवड आणि खाजगीपणाचा प्रश्न : नेटस्केप ते क्रोम (१९९४–२०२५) – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
इंटरनेटवरील संकेतस्थळे पाहण्यासाठी वापरले जाणारे ब्राउझर हे साधन गेल्या तीन दशकांत सामान्य माणसाच्या दैनंदिन व्यवहाराचा भाग बनले आहे. या साधनाच्या बाजारपेठेवर प्रथम नेटस्केप, नंतर मायक्रोसॉफ्टचे इंटरनेट एक्सप्लोरर आणि त्यानंतर गुगलचे क्रोम यांनी वर्चस्व गाजविले. प्रत्येक वर्चस्वाच्या काळात पर्यायी ब्राउझर निर्माण झाले आणि त्यांपैकी काहींनी वापरकर्त्याच्या खाजगीपणाचे रक्षण हे आपले ध्येय मानले. प्रस्तुत शोधनिबंधात या निवडीचा इतिहास मांडला असून, ब्राउझरची निवड ही वरवर व्यक्तिगत वाटली तरी ती बाजारपेठ, कायदा, भाषा आणि आर्थिक परिस्थिती यांनी घडविलेली असते, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : ब्राउझर, खाजगीपणा, कुकी, मक्तेदारी, फायरफॉक्स, क्रोम, सायबर कॅफे.

प्रस्तावना :
छपाईयंत्र, टपाल, तार आणि दूरध्वनी या साधनांचा इतिहास लिहिताना इतिहासकारांनी त्या साधनांमुळे समाजात कोणते बदल झाले याचा विचार विस्ताराने केला आहे. इंटरनेटचा इतिहास मात्र अद्याप बहुतांशी तंत्रज्ञांच्या हाती आहे. मराठीत या विषयावर जे लेखन होते ते प्रामुख्याने माहितीपर स्वरूपाचे असते. कोणते साधन कसे वापरावे हे त्यात सांगितलेले असते. ते साधन आपल्या हाती कसे आले, याचा शोध क्वचितच घेतला जातो.

प्रस्तुत विषयाकडे लेखकाचे लक्ष एका साध्या प्रसंगाने वेधले गेले. आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने तालुक्याच्या गावातील एका सेवा केंद्रावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. तिच्यानंतर त्याच संगणकावर बसलेल्या मुलाने नावाच्या चौकटीत पहिले अक्षर टंकताच तिचे पूर्ण नाव, पत्ता आणि मोबाईल क्रमांक खाली उमटला. पुढे तिला अनोळखी फोन येऊ लागले आणि घरी तिचा मोबाईल काढून घेण्यापर्यंत गोष्ट गेली. "सर, यात माझी चूक काय झाली?" असे तिने विचारले तेव्हा लेखकाने तिला दुसरा, खाजगीपणा जपणारा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिला. सल्ला दिल्यानंतर लक्षात आले की, तो संगणक तिचा नव्हता आणि त्यावरील ब्राउझर तिने निवडलेला नव्हता. मग निवड नेमकी कोणाची होती? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी इतिहासाकडे वळणे आवश्यक वाटले.

संशोधनाची उद्दिष्टे :
१. ब्राउझरच्या बाजारपेठेतील वर्चस्वाच्या तीन कालखंडांचा आढावा घेणे.
२. वापरकर्त्याचा माग काढण्याच्या तंत्राचा उगम व विस्तार तपासणे.
३. खाजगीपणा जपणाऱ्या पर्यायी ब्राउझरचे योगदान आणि त्यांच्या मर्यादा अभ्यासणे.
४. भारतीय, विशेषतः मराठी वापरकर्त्याच्या संदर्भात या निवडीचे स्वरूप स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती :
सदर शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. न्यायालयीन निकाल, तांत्रिक मानकांचे दस्तऐवज, कायदे व नियम आणि संबंधित कंपन्यांच्या जाहीर घोषणा यांतून ज्ञात असलेली माहिती आधारभूत मानली आहे. विवेचनाच्या सोयीसाठी वापरकर्त्यावर नजर ठेवणाऱ्यांचे तीन प्रकार कल्पिले आहेत : शेजारी बसलेला माणूस, दूरचा व्यापारी आणि शासन. कोणत्या कालखंडात यांपैकी कोणाची नजर चर्चेत होती हे पाहिल्यास खाजगीपणाच्या कल्पनेत झालेला बदल स्पष्ट होतो.

विषय विवेचन :

१. आरंभ आणि कुकीचा जन्म :
टिम बर्नर्स-ली यांनी युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबचा प्रस्ताव मांडला आणि १९९० मध्ये पहिला ब्राउझर तयार केला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रिसन व एरिक बीना यांनी तयार केलेल्या मोझेक या ब्राउझरमुळे वेब सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. १९९४ मध्ये अँड्रिसन यांनी जिम क्लार्क यांच्यासह जी कंपनी स्थापन केली तीच पुढे नेटस्केप या नावाने प्रसिद्ध झाली. डिसेंबर १९९४ मध्ये तिच्या नॅव्हिगेटर या ब्राउझरची पहिली आवृत्ती प्रकाशित झाली.

याच नेटस्केप कंपनीत १९९४ मध्ये लू मोंटुली या अभियंत्याने कुकी हे तंत्र शोधून काढले. वेबच्या मूळ रचनेत स्मरणशक्ती नव्हती. एखादा वापरकर्ता पहिल्या पानावरून दुसऱ्या पानावर गेला की संकेतस्थळाच्या दृष्टीने तो नवाच माणूस ठरत असे. त्यामुळे खरेदीसाठी निवडलेल्या वस्तू लक्षात ठेवणे कठीण होते. यावर उपाय म्हणून संकेतस्थळाने वापरकर्त्याच्याच संगणकावर एक छोटी खूणचिठ्ठी ठेवावी आणि पुढच्या भेटीत ती वाचावी, अशी योजना करण्यात आली. एका संकेतस्थळाची चिठ्ठी दुसऱ्याला वाचता येऊ नये, ही दक्षताही तीत होती. म्हणजेच मूळ कल्पनेत माग काढण्याचा हेतू नव्हता.

परंतु एकाच पानावर अनेक संकेतस्थळांचा मजकूर एकत्र येऊ शकतो, ही बाब जाहिरात कंपन्यांनी हेरली. बातमीच्या पानावर दिसणारी जाहिरात जाहिरात कंपनीच्या संगणकावरून येते आणि येताना आपली स्वतःची कुकी ठेवते. हीच कंपनी हजारो संकेतस्थळांवर जाहिराती देत असेल तर ती त्या सर्व ठिकाणी आपली चिठ्ठी वाचू शकते. जत्रेतील प्रत्येक दुकानाच्या दाराशी एकाच व्यापाऱ्याचा माणूस बसलेला असावा आणि कोण कोणत्या दुकानात गेले याची नोंद त्याने एकाच वहीत करावी, तसा हा प्रकार होय. यालाच पुढे त्रयस्थ कुकी असे नाव मिळाले.

फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या आयईटीएफ या मंडळाने कुकीविषयीचा पहिला मानक दस्तऐवज प्रसिद्ध केला. मोंटुली हे स्वतः त्याच्या दोन लेखकांपैकी एक होते. त्रयस्थ कुकी मुळात बंद ठेवाव्यात, असा त्याचा आशय होता. मात्र नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट या दोन्ही प्रमुख उत्पादकांनी ही शिफारस अमलात आणली नाही. जाहिरातींवर उभ्या राहणाऱ्या नव्या व्यवसायाला ती परवडणारी नव्हती. प्रस्तुत लेखकाच्या मते ब्राउझरच्या इतिहासातील हा निर्णायक क्षण होय. खाजगीपणाचे रक्षण तांत्रिकदृष्ट्या शक्य होते, ते लेखी सुचविलेही गेले होते, आणि तरीही ते नाकारण्यात आले. पुढील दोन दशकांतील सर्व संघर्ष हा या नकाराचा परिणाम आहे.

२. पहिले ब्राउझर युद्ध (१९९५–२००१) :
ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररची पहिली आवृत्ती आणली. नेटस्केप व्यावसायिक वापरासाठी शुल्क आकारत असे; मायक्रोसॉफ्टने मात्र आपला ब्राउझर विनामूल्य दिला आणि पुढे तो विंडोज प्रणालीशी जोडून टाकला. नवा संगणक घेणाऱ्यास ब्राउझर निवडण्याचे कारणच उरले नाही. १८ मे १९९८ रोजी अमेरिकी शासन व अनेक राज्यांनी मायक्रोसॉफ्टविरुद्ध मक्तेदारी प्रतिबंधक कायद्याखाली खटला दाखल केला. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी जून २००० मध्ये कंपनीचे दोन भाग करण्याचा आदेश दिला. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने विभाजनाचा आदेश रद्द केला. परंतु मायक्रोसॉफ्टने आपली मक्तेदारी बेकायदेशीर मार्गांनी टिकविली हा निष्कर्ष कायम ठेवला. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकी शासन व मायक्रोसॉफ्ट यांच्यात तडजोड झाली.

तोपर्यंत नेटस्केपचा पराभव झालेला होता. २००२ ते २००४ या काळात इंटरनेट एक्सप्लोररचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक होता. स्पर्धक न उरल्याने विकासही थांबला. २००१ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीनंतर सातवी आवृत्ती येण्यास २००६ साल उजाडले. मधल्या पाच वर्षांत सुरक्षेतील त्रुटींमुळे आपोआप उघडणाऱ्या जाहिराती आणि हेरगिरी करणारे प्रोग्राम यांनी वापरकर्ते त्रस्त झाले. या खटल्यात चर्चा झाली ती स्पर्धेची. वापरकर्त्याच्या खाजगीपणाचा प्रश्न तीत जवळपास नव्हता, हेही येथे नोंदविले पाहिजे.

तो प्रश्न दुसऱ्या दिशेने पुढे आला. डबलक्लिक या जाहिरात कंपनीने १९९९ मध्ये ॲबॅकस डायरेक्ट ही कंपनी विकत घेतली. ॲबॅकसकडे अमेरिकी कुटुंबांच्या टपालाद्वारे होणाऱ्या खरेदीच्या नोंदी होत्या. कुकीतून मिळणारी निनावी माहिती आणि या नोंदींतील खरी नावे व पत्ते एकत्र करण्याचा बेत उघड होताच मोठा विरोध झाला आणि मार्च २००० मध्ये कंपनीला तो स्थगित करावा लागला. दूरच्या व्यापाऱ्याची नजर ही सार्वजनिक चिंतेचा विषय होण्याची ही पहिली मोठी घटना होती.

३. फायरफॉक्सचा उदय :
जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउझरची संहिता खुली करण्याची घोषणा केली आणि ३१ मार्च १९९८ रोजी ती प्रत्यक्षात आणली. त्यातून मोझिला प्रकल्प जन्मास आला. जुलै २००३ मध्ये मोझिला फाउंडेशन ही ना-नफा तत्त्वावरील संस्था स्थापन झाली आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. १६ डिसेंबर २००४ रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये फायरफॉक्सची दोन पानी जाहिरात छापून आली. तिचा खर्च सामान्य वापरकर्त्यांच्या देणग्यांतून करण्यात आला होता आणि सुमारे दहा हजार देणगीदारांची नावे तीत छापली होती. एखाद्या संगणकीय साधनाच्या निवडीला लोकचळवळीचे रूप यावे, हे त्या काळात अपूर्वच होते.

तथापि, आरंभीच्या काळात लोकांनी फायरफॉक्स निवडला तो खाजगीपणासाठी नव्हे. आपोआप उघडणाऱ्या जाहिरातींचा बंदोबस्त, एकाच खिडकीत अनेक पाने उघडण्याची सोय आणि सुरक्षितता ही त्याची मुख्य कारणे होती. जून २००४ मध्ये अमेरिकी शासनाच्या संगणक सुरक्षा विभागाने इंटरनेट एक्सप्लोररमधील त्रुटींवरील उपायांत दुसरा ब्राउझर वापरण्याचाही पर्याय सुचविला होता. २००९–१० च्या सुमारास फायरफॉक्सचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचला. खाजगीपणाचे ब्रीद त्याने ठळकपणे पुढे आणले ते नंतर, नवा प्रतिस्पर्धी समोर उभा राहिल्यावर.

४. क्रोमचे वर्चस्व आणि खाजगीपणाचा प्रश्न :
गुगलने एप्रिल २००७ मध्ये डबलक्लिक ३.१ अब्ज डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले आणि मार्च २००८ मध्ये हा व्यवहार पूर्ण झाला. त्यानंतर सहा महिन्यांतच, २ सप्टेंबर २००८ रोजी, गुगलने क्रोम हा ब्राउझर प्रकाशित केला. या दोन घटना एकत्र वाचल्यास एक महत्त्वाचा बदल दिसतो. वेबवरील सर्वांत मोठा जाहिरातदार आता स्वतःच वाचकाच्या हातातील खिडकीचा निर्माता झाला. नेटस्केप वा मायक्रोसॉफ्ट यांचे मुख्य उत्पन्न जाहिरातींतून येत नव्हते. गुगलचे येत होते.

क्रोमचे यश केवळ सक्तीने मिळाले असे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. क्रोम वेगवान होता, प्रत्येक पान स्वतंत्र कप्प्यात चालविण्याच्या त्याच्या रचनेमुळे सुरक्षितता वाढली आणि सुधारित आवृत्ती आपोआप मिळण्याची सोय सामान्य माणसाच्या हिताची होती. लोकांनी तो आवडीने स्वीकारला. २०१२ च्या सुमारास स्टॅटकाउंटरच्या मोजणीनुसार त्याने इंटरनेट एक्सप्लोररला मागे टाकले. पुढे अँड्रॉइड मोबाईलमध्ये तो आधीपासूनच बसविलेला मिळू लागल्यावर मात्र आवड आणि सवय यांतील सीमारेषा पुसट झाली. आज जगातील सुमारे दोन तृतीयांश वापर क्रोममधून होतो, तर फायरफॉक्सचा वाटा काही टक्क्यांपुरता उरला आहे.

२०१७ पासून पर्यायी ब्राउझर व क्रोम यांच्या वाटा स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. ॲपलच्या सफारीने २०१७ मध्ये मागोवा रोखण्याची व्यवस्था आणली आणि मार्च २०२० मध्ये त्रयस्थ कुकी पूर्णपणे बंद केल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ज्ञात कंपन्यांच्या कुकी मुळातच अडविण्यास सुरुवात केली आणि २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाची कुकी स्वतंत्र बरणीत ठेवण्याची पद्धत सर्वांसाठी लागू केली. जावास्क्रिप्ट भाषेचे जनक आणि मोझिलाचे माजी प्रमुख ब्रेंडन आइक यांनी ब्रेव्ह हा ब्राउझर आणला. तो जाहिराती व माग काढणारे घटक आरंभापासूनच अडवितो. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या संशोधनातून विकसित झालेला टॉर ब्राउझर त्याहून पुढे जाऊन वापरकर्त्याचे ठिकाणही लपवितो. पत्रकार व राजकीय कार्यकर्ते यांच्या दृष्टीने शासनाची नजर ही मुख्य चिंता असल्याने त्यांच्यासाठी तो महत्त्वाचा ठरला.

१९९७ मध्ये मानक मंडळाने जे सुचविले होते ते प्रत्यक्षात येण्यास अशा प्रकारे दोन दशकांहून अधिक काळ गेला, आणि तेही वर्चस्व नसलेल्यांच्या घरी. गुगलने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत त्रयस्थ कुकी बंद करण्याचे जाहीर केले. परंतु मुदत प्रथम २०२३, नंतर २०२४ आणि पुढे २०२५ अशी लांबत गेली. जुलै २०२४ मध्ये हा बेत सोडण्यात आला आणि एप्रिल २०२५ मध्ये आहे तीच व्यवस्था चालू ठेवण्याचे कंपनीने जाहीर केले. या विलंबाला एक दुसरी बाजूही आहे. गुगलने कुकी बंद केल्यास लहान जाहिरात कंपन्या संपतील आणि गुगलचेच बळ वाढेल, अशी भीती ब्रिटनमधील स्पर्धा नियामकाने व्यक्त केली होती. वर्चस्व एकदा प्रस्थापित झाले की खाजगीपणा आणि स्पर्धा ही दोन सार्वजनिक हिते एकमेकांसमोर उभी राहतात, हा या घटनेचा धडा होय.

क्रोममधील इन्कॉग्निटो या सोयीविषयी अनेकांचा गैरसमज होता. ही सोय शेजाऱ्याच्या नजरेपासून संरक्षण देते. दूरच्या व्यापाऱ्यापासून देत नाही. या मुद्द्यावर २०२० मध्ये अमेरिकेत गुगलविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. एप्रिल २०२४ मध्ये उघड झालेल्या तडजोडीनुसार गुगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

५. भारतीय व मराठी वापरकर्त्याचा संदर्भ :
भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. घरी संगणक असणे ही चैन होती. बहुसंख्य तरुणांनी इंटरनेट प्रथम पाहिले ते सायबर कॅफेत, तासाच्या दराने. संगणकावर विंडोज आणि विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर हे समीकरण तेथे ठरलेले होते.

मराठी वाचकाच्या बाबतीत या समीकरणाला भाषेचाही आधार होता. युनिकोड रूढ होण्यापूर्वी भारतीय भाषांतील अनेक वृत्तपत्रे आपापले स्वतंत्र फॉन्ट वापरीत आणि वाचकाच्या संगणकावर ते आपोआप उतरविण्याची जी व्यवस्था होती ती प्रामुख्याने इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट चाले. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान अगम्य चिन्हांनी भरलेले दिसे. फायरफॉक्ससाठी पद्म नावाचे एक जोडसाधन तयार करण्यात आले. ते अशा फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवीत असे. मराठी बातमी वाचायची असेल तर वर्चस्व असलेलाच ब्राउझर वापरावा लागे, ही वस्तुस्थिती पाश्चात्त्य अभ्यासकांच्या विवेचनात सहसा येत नाही. अनेक शासकीय संकेतस्थळांच्या तळाशी इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पाहावे अशी सूचना असे, हेही याच परंपरेत बसणारे आहे. पुढे युनिकोडच्या प्रसाराने ही अडचण दूर झाली आणि स्वयंसेवकांच्या परिश्रमाने फायरफॉक्स मराठीतही उपलब्ध झाला.

सायबर कॅफेत खाजगीपणाचा अर्थही निराळा होता. तेथे चिंता होती ती शेजाऱ्याची. २०११ मध्ये केंद्र शासनाने सायबर कॅफेसाठी नियम केले. त्यांनुसार प्रत्येक ग्राहकाची ओळख पटविणे, नोंदवही किमान एक वर्ष जपणे, पाहिलेल्या संकेतस्थळांचा तपशील ठेवणे आणि कप्प्यांच्या भिंती साडेचार फुटांपेक्षा उंच न ठेवणे बंधनकारक झाले. म्हणजे शासनाला आणि शेजाऱ्याला दिसेल अशी रचना नियमानेच करण्यात आली. ग्राहकाने कोणताही ब्राउझर निवडला असता तरी या रचनेत फरक पडला नसता.

भारतीय पर्याय निर्माण करण्याचे प्रयत्नही झाले. जुलै २०१० मध्ये बंगळुरूच्या हिडन रिफ्लेक्स या कंपनीने एपिक हा ब्राउझर आणला. आरंभी त्याचा भर भारतीय भाषा व भारतीय रूप यांवर होता. २०१३ मध्ये तो पूर्णपणे खाजगीपणाला वाहिलेल्या स्वरूपात नव्याने प्रकाशित झाला. अस्मितेकडून खाजगीपणाकडे झालेला हा प्रवास लक्षणीय आहे. २०२३ मध्ये झोहो कंपनीने उला हा ब्राउझर आणला आणि त्याच वर्षी केंद्र शासनाने स्वदेशी ब्राउझर निर्मितीची स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये तिचा निकाल लागून झोहोला प्रथम क्रमांक मिळाला. स्वदेशी असणे आणि खाजगीपणा जपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही, याचे भान मात्र ठेवावे लागेल.

कायद्याच्या क्षेत्रात २४ ऑगस्ट २०१७ हा दिवस महत्त्वाचा ठरला. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. स्पर्धेच्या अंगाने पाहता, ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडसंबंधी गैरव्यवहाराबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मोबाईलमध्ये क्रोमसह गुगलची साधने आधीच बसविण्याच्या अटी हा त्या प्रकरणाचा एक भाग होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला.

६. पर्यायांच्या मर्यादा :
पर्यायी ब्राउझरचे गुणगान करताना त्यांच्या मर्यादा झाकणे योग्य होणार नाही. पहिली मर्यादा आर्थिक आहे. मोझिलाच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग गुगलला मुख्य शोधयंत्र म्हणून ठेवण्याच्या मोबदल्यातून येतो. ज्याच्यापासून संरक्षण द्यावयाचे त्याच्याच पैशावर संरक्षकाचा संसार चालतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधसेवेत गुगलने बेकायदेशीर मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात त्यांनी क्रोम विकण्याची मागणी फेटाळली आणि असे मोबदले पूर्णपणे बंद करण्याचेही टाळले. मोबदले बंद झाले असते तर सर्वाधिक फटका लहान ब्राउझरनाच बसला असता.

दुसरी मर्यादा तांत्रिक आहे. २०१३ मध्ये ऑपेराने आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एजने गुगलच्या क्रोमियम या मूळ संहितेचा स्वीकार केला. ब्रेव्ह, उला आणि आजचा एपिकही तिच्यावरच उभे आहेत. दारे अनेक दिसत असली तरी पाया एकाचाच आहे. तिसरी मर्यादा विश्वासाची. २०२० मध्ये ब्रेव्ह हा काही पत्ते टंकताना स्वतःचा मोबदल्याचा दुवा जोडत असल्याचे आढळले आणि टीकेनंतर ते बदलण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये फायरफॉक्सच्या नव्या अटींतील शब्दरचनेवरून वापरकर्ते नाराज झाले आणि काही दिवसांतच मोझिलाला ती सुधारावी लागली. टीकेनंतर दुरुस्ती होणे हेच पर्याय जिवंत असल्याचे लक्षण मानता येईल.

निष्कर्ष :
१. वापरकर्त्याचा माग काढणे ही वेबची अटळ परिणती नव्हती. १९९७ मध्ये उपलब्ध असलेला उपाय व्यावसायिक कारणांनी नाकारण्यात आला.
२. बहुसंख्य लोक ब्राउझर निवडत नाहीत. जो आधीच बसविलेला असतो तो वापरतात. विंडोज आणि अँड्रॉइड या दोन्ही कालखंडांत हेच घडले.
३. अल्पसंख्य पर्यायांचे योगदान त्यांच्या वाट्यापेक्षा मोठे आहे. फायरफॉक्स, सफारी व ब्रेव्ह यांनी त्रयस्थ कुकी रोखून दाखविल्यामुळेच ते अशक्य असल्याचा दावा टिकला नाही.
४. शेजारी, व्यापारी आणि शासन या तीन नजरांवर एकच उपाय नाही. खाजगीपणा जपणारा ब्राउझर प्रामुख्याने दुसऱ्या नजरेवर चालतो. पहिलीसाठी सवयी व सार्वजनिक संगणकांची शिस्त, तर तिसरीसाठी कायदा आवश्यक आहे.
५. मराठी वापरकर्त्याच्या निवडीवर भाषा, फॉन्ट आणि सामायिक संगणक यांचा प्रभाव राहिला आहे. त्याचा स्वतंत्र अभ्यास होणे गरजेचे आहे.

समारोप :
ज्या विद्यार्थिनीच्या प्रश्नापासून या अभ्यासाला सुरुवात झाली, तिला दिलेला सल्ला चुकीचा नव्हता, परंतु अपुरा होता. स्वतःचा मोबाईल वा संगणक असलेल्याने खाजगीपणा जपणारा ब्राउझर अवश्य निवडावा. ते विनामूल्य आहे आणि त्याला काही मिनिटे पुरतात. मात्र जी मुलगी दुसऱ्याच्या संगणकावर, रांगेत उभी राहून, जात, उत्पन्न आणि बँक खाते यांचा तपशील भरते, तिच्या वाट्याला ही निवड येतच नाही. तिच्यासाठी ती निवड सेवा केंद्राच्या चालकाने, महाविद्यालयाने आणि शासनाने करावयाची आहे. आमच्या विभागाने त्यानंतर एवढेच केले की, महाविद्यालयाच्या संगणक कक्षातील सर्व ब्राउझर बंद होताच आपली स्मृती पुसतील अशी व्यवस्था करून घेतली आणि शिष्यवृत्तीचे अर्ज तेथेच भरून देण्यास आरंभ केला. त्या विद्यार्थिनीने पुढच्या वर्षीचा अर्ज याच कक्षात भरला. तिच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते : चूक तिची नव्हती.